पिंगल श्रेष्ठीची तीन पायांची बाज

पूर्वी शोण नदीच्या काठी एका नगरात विजितसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गाडीवानाच्या घरी जन्मले होते. त्यांचे नाव सोमिल. एके वर्षी कोष्ट्यांची आळी जळून खाक झाली, तेव्हा सोमिलाने बैलगाडी जुंपली आणि दारोदार हाक दिली, "घरात दोन असतील त्यातलं एक द्या!" लोकांनी घागरी दिल्या, घोंगड्या दिल्या, आणि उघड्यावर पडलेल्यांच्या चुली पुन्हा पेटल्या.

राजा खूश झाला. त्याने सामानासाठी जुनी हत्तीशाळा दिली आणि देणाऱ्याचे नाव चौकात डंका पिटून सांगायची प्रथा घातली. मग काय विचारता! एका गाडीच्या अनेक गाड्या झाल्या, दूरदूरचे गरजू येऊ लागले, हत्तीशाळा आढ्यापर्यंत भरली. फक्त आत शिरून पाहिले, तर निम्मे सामान चुलीत घालायच्या लायकीचे होते.

नगरातल्या पिंगल श्रेष्ठी या धनवान व्यापाऱ्याला हा डंका फार गोड वाटे. आपले नाव गाजावे आणि घरातली अडगळही जावी, याहून सोयीचे पुण्य त्याला ठाऊक नव्हते. त्याने मोठ्या थाटात तीन पायांची बाज, बुडाला भोक पडलेले पातेले आणि जात्याचा नुसता वरचा दगड पाठवला. खालचा दगड त्याच्या लोणच्याच्या रांजणावर झाकण म्हणून छान बसला होता.

हे सामान रेवती नावाच्या एका कोष्टी विधवेच्या वाट्याला आले. ती सोमिलाला म्हणाली, "दादा, यानं घर कसं मांडू? चूल पेटली नाही तर माझी दोन लेकरं दोन मामांकडे वाटून द्यावी लागतील. पुन्हा कधी एकत्र येतील, कोण जाणे."

सोमिलाने चौकात नवी प्रथा पुकारली, "ज्याचं सामान, तोच त्या घरचा पहिला पाहुणा! जेवायचं त्याच भांड्यात, निजायचं त्याच बाजेवर!"

फुकटचे जेवण पिंगलाने आजवर कधी नाकारले नव्हते. सकाळपासून पोट रिकामे ठेवून तो जरीचे उपरणे मिरवत आला. रेवतीने मनापासून स्वागत केले आणि त्याचेच पातेले चुलीवर ठेवले. डाळीचे पाणी भोकातून गळाले आणि चूल विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली.

"दळण तरी दळा," पिंगल कळवळून म्हणाला. "भाकरी चालेल मला."

"दळते की श्रेष्ठी. पण हा दगड कशावर फिरवू?"

पिंगलाला एकदम आपला रांजण आठवला. तो घाईने बाजेवर बसला, आणि चौथ्या पायाच्या जागी काहीच नसल्यामुळे उपरण्यासकट राखेत जाऊन पडला. दारात जमलेली आळी पोट धरधरून हसली. एकटा सोमिल हसला नाही. त्याने हात देऊन श्रेष्ठीला उठवले.

रेवती मात्र रडवेली झाली. "पहिला पाहुणा उपाशी कसा जाऊ देऊ?" असे म्हणत ती शेजारून वाडगाभर पेज मागून घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवली. पिंगलाने वाडगा तोंडाला लावला, आणि समोर बसलेली दोन पोरे त्या वाडग्याकडे एकटक पाहत आहेत हे त्याला दिसले.

"यांचं जेवण?" त्याने विचारले.

"मागून एवढीच मिळाली. पण पाहुणा आधी."

आयुष्यात पहिल्यांदा पिंगलाला स्वतःची खरोखर लाज वाटली. वाडगा पोरांपुढे सरकवून तो तडक घरी गेला आणि लोणच्याचा वास मारणारा तो दगड स्वतःच्या डोक्यावर घेऊन भर बाजारातून परत आला. मागून त्याची स्वतःची चांगली बाज, धड पातेले आणि धान्याचे पोते आले. त्या दिवशी डंका वाजला नाही, आणि त्याला तो आठवलाही नाही. लेकरे आईपाशीच राहिली. पुढे हत्तीशाळेत मोडके भांडे कुणी आणलेच नाही, कारण तिथे आपल्यालाच जेवायचे आहे हे सगळ्यांना कळून चुकले होते.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवन विहारात सांगितली, तेव्हा एका जुन्या भिक्षूने आपले विरलेले चीवर नुकतेच एका नवख्याच्या गळ्यात मारले होते. "भिक्षूंनो," शास्ते म्हणाले, "तेव्हाची रेवती म्हणजे हा नवखा भिक्षू, पिंगल म्हणजे चीवर देणारा हा आपला मित्र, आणि सोमिल गाडीवान मीच होतो. घेणाऱ्याच्या चुलीपाशी बसून जे द्यावेसे वाटते, ते खरे दान."

जुन्या भिक्षूने अंगावरचे नवे चीवर उतरवून नवख्याला दिले आणि विरलेले स्वतः पांघरले.