शिंप्याच्या घरची एमूची अंडी

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे केरबा नावाचा एक शिंपी आणि त्याची बायको हौसाबाई अशी दोघंच राहत. केरबासारखा परोपकारी माणूस त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि सगळं गाव त्याला अगदी विटून गेलं होतं.

कोणी विहिरीतून पाणी ओढताना दिसलं की केरबा त्याच्या हातातला दोर घेई, आणि निम्मी घागर वाटेतच सांडे. कोणी बोलता बोलता जरा थांबलं, तर पुढचं वाक्य केरबाच पुरं करी, आणि ते हमखास चुकीचं असे. शेजारच्या पोरी अंगणात रांगोळी काढायला बसल्या तर हा मध्येच वाकून ठिपके जोडून देई. मग पोरी रुसून घरात जात. हौसाबाईने चुलीवर भात ठेवला की तो पुन्हा पुन्हा झाकण काढून डाव फिरवी. त्या घरात मोकळा भात कुणी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"माझं मन राहत नाही गं," तो म्हणे. हौसाबाईने त्यावर बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं.

ओढ्यापलीकडे शेवंताक्का नावाची एक बाई एमू पाळत असे. एमू म्हणजे माणसाएवढा उंच, लांब मानेचा, उडता न येणारा पक्षी. तिच्या एमूंना सावली व्हावी म्हणून केरबाने तागाचं एक मोठं छत शिवून दिलं. त्या बदल्यात अक्काने त्याला एमूची दोन अंडी आणि ती उबवायची जुनी पेटी दिली. सोललेल्या नारळाएवढी, गडद हिरवी अंडी पाहून केरबा हरखून गेला. पेटी लाकडाची होती. आत एक दिवा, पाण्याची वाटी आणि तापमापक, वर काचेचं झाकण.

अक्काने सगळं नीट समजावून सांगितलं. ऊब सारखी राहिली पाहिजे. अंडी हलक्या हाताने फिरवायची, पण तेवढ्यापुरतंच झाकण उघडायचं. आणि शेवटी पिल्लू आतून ठोठावू लागलं की अंड्याला हात म्हणून लावायचा नाही. पोटाबाहेरचा बलक आत ओढून घेईपर्यंत आणि पापुद्र्यातलं रक्त आटेपर्यंत पिल्लू थांबत थांबत काम करतं. ते कधी पुरं झालं हे बाहेरून कळत नाही.

"कवच फोडणं हे त्याचं काम," अक्का म्हणाली. "तुमचं काम नुसतं बघत बसायचं."

ते आपल्याला सहज जमेल, असं केरबाने तिला सांगितलं. सोबत आलेल्या हौसाबाईने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पेटी उचलली.

पुढचे दिवस हौसाबाईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. केरबा झाकण उघडून बघे, की आतली ऊब गेली. ऊब गेली म्हणून तो पेटीवर गोधडी टाके, की आत भट्टी. ती गोधडी काढायची, तो घालायचा. शेवटी तिने आपलं निवडण-टिपण पेटीशेजारी आणलं आणि तिथेच ठाण मांडलं. केरबाला ती कामाला बाहेर पाठवी. शेजारी त्याला, अंडी एकटी असतील हो, असं म्हणत लगबगीने घरी परत पाठवत. तो अंड्यांत गुंतला होता तोवर गावात सगळ्यांची कामं बरी चालली होती.

दिवस भरत आले तशी अंडी हलू लागली. हौसाबाई तांदूळ पाखडताना हळूच शीळ घाली, आणि काचेखाली अंडं जागच्या जागी डुले. ती पुन्हा शीळ घाली, अंडं पुन्हा डुले. केरबाच्या डोळ्यांत पाणी येई. तिच्याही येई, पण ती ते दाखवत नसे.

एका दुपारी पहिल्या अंड्यातून ठकठक ऐकू येऊ लागली. दुसऱ्या दिवशी सकाळीही ती चालू होती. साठलेली धुणी घेऊन हौसाबाईला ओढ्यावर जाणं भाग होतं. अंड्याला हात लावायचा नाही, असं तिने नवऱ्याला बजावलं, उंबऱ्यावरून पुन्हा बजावलं, आणि मग गेली.

केरबा पेटीसमोर बसला. ठकठक मंद झाली. मग थांबली. त्याने कान लावला. काहीच नाही. आत जीव गुदमरतोय आणि आपण इथे मख्ख बसलोय, असं त्याला वाटलं. थोडा वेळ त्याने कळ काढली. मग त्याने झाकण उघडलं, कात्रीच्या मुठीने कवचाला तडा दिला आणि तुकडे सोलायला लागला. आतला पापुद्रा फाटला तसं त्याच्या बोटांना रक्त लागलं. आत पट्ट्यापट्ट्यांचं ओलं पिल्लू होतं. त्याचं पोट अजून मिटलेलं नव्हतं. केरबाने त्याचं डोकं तळहातावर घेतलं. पिल्लाने काही श्वास घेतले आणि मग ते निपचित झालं.

हौसाबाई खांद्यावर धुण्याचे पिळे घेऊन आत आली. तिने सगळं पाहिलं. पिळे तिने हळूच खाली ठेवले.

"कुणी बोलावलं होतं तुम्हाला?" ती म्हणाली.

"त्याचा आवाज थांबला होता."

"दमलं असेल. जरा निजलं असेल."

त्याने परसात शेवग्याखाली पिल्लाला पुरलं. दोन्ही वेळ तो जेवला नाही.

दुसरं अंडं वाजू लागलं तेव्हा केरबा स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसला. ठकठक थांबली, तसं त्याचं सगळं अंग ताठरलं, पण तो उठला नाही. ठकठक पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. अखेर आतून एक जोरकस लाथ बसली, कवचाचा मोठा तुकडा उडाला आणि एक ओलं, चट्टेरीपट्टेरी पिल्लू पेटीत गडगडलं.

केरबाला वाटलं, आपल्याला आता सगळं कळलं. त्याने गावभर सांगितलं की मदत हेच सगळ्या दुःखाचं मूळ आहे, कुणी कुणाला कधी मदत करू नये. म्हातारे बाळंभट पारावरून उतरताना घसरून पडले, तर हा समोर हात बांधून उभा. त्यांना दुसऱ्यांनी उचललं. आधी गाव त्याच्या मदतीला विटलं होतं, आता त्याच्या ज्ञानाला विटलं.

एक दिवस हौसाबाई माहेरी गेली आणि संध्याकाळी परतली. केरबाने पिल्लाला पेटीतून काढून घरातल्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर सोडलं होतं. फरशीवर पिल्लाचे पाय टिकेनात. ते उठायला बघे, की दोन्ही पाय दोन बाजूंना फाकत. आता ते पोटावर पसरलं होतं. पाण्याची वाटी त्याच्यापासून वीतभर लांब होती, आणि वाटीच्या पलीकडे केरबा मांडी घालून बसला होता.

"हे कधीपासून असं पडलंय?" हौसाबाईने विचारलं.

"सकाळपासून. मी अजिबात हात लावला नाही. उठेल आपलं आपण."

हौसाबाई पिल्लाशेजारी बसली. तिचा सगळा संयम त्या घटकेला संपला.

"ते अंड्यात होतं तेव्हा तुमची गरज नव्हती," ती म्हणाली. "पण तुम्हाला धीर धरवेना, म्हणून तुम्ही धावलात. आता गरज आहे, तर तुम्हाला भीती वाटते, म्हणून बसून राहिलात. दोन्ही वेळा तुम्ही स्वतःचंच बघितलंत. या पिल्लाकडे एकदा तरी बघितलंत का?"

केरबा पुढे वाकला. त्याने पिल्लाकडे पाहिलं. त्याची नखं फरशीवर नुसती सरकत होती, कुठे रुतत नव्हती. ते ओरडत नव्हतं. त्याची मान पाण्याच्या वाटीकडे ताणलेली होती, आणि तशीच राहिली होती.

केरबाने आधी वाटी पुढे सरकवली. मग फरशीवर गोणपाट अंथरलं. कोंबडीच्या अशा पिल्लांचे पाय माहेरी मऊ दोऱ्याने बांधत, ते हौसाबाईला आठवलं. केरबाने जुन्या धोतराची मऊ पट्टी कापली, आणि पाय किती अंतरावर हवेत, गाठ किती सैल हवी, हे तिला विचारून विचारून पट्टी बांधली. पिल्लाला त्याने गोणपाटावर उभं केलं. ते डगमगलं आणि पडलं. केरबाचा हात पुढे झाला, पण त्याने आधी नीट पाहिलं. पिल्लाची नखं गोणपाटात रुतली होती, ते जोर लावत होतं. त्याने हात मागे घेतला. पुढच्या खेपेला पिल्लू पट्टीत अडकून उलथं झालं, तेव्हा मात्र त्याने ते सरळ केलं.

काही दिवसांनी पट्टी सोडली. पिल्लाने अंगणात एक लांबलचक वेडीवाकडी धाव घेतली, तुळशीला वळसा घातला आणि तसंच परसाकडे सुटलं. दोघंही पायरीवर बसून बघत होती.

"पहिलं पिल्लूही असंच धावलं असतं," केरबा म्हणाला.

हौसाबाईकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ती एवढंच म्हणाली, "हो."

मग ती उठून पिल्लाच्या मागे गेली, आणि केरबा पिल्लासाठी कोथिंबीर चिरायला बसला.

तात्पर्य एवढंच, की मदतीला हात पुढे करण्याआधी किंवा मागे घेण्याआधी आपल्या जिवाची तगमग बाजूला ठेवावी आणि समोरच्याकडे नीट बघावं. त्याला काय हवं आहे, ते तिथेच दिसतं.