शब्द ठरेपर्यंत

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा राजे दानापेक्षा दानपत्रावरच्या अक्षरांना जास्त जपत, तेव्हाची ही गोष्ट.

भिवरा नावाची एक बाई होती. ती आणि तिचे म्हातारे वडील पडद्यामागे दिवा लावून चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करत. म्हाताऱ्याच्या हरणाची कीर्ती मोठी. चामड्याचं ते हरीण चरता चरता असं दचकून मान वर करी, की बघणारी माणसं मागे वळून वाघ शोधत.

राजाने दोघांना बोलावून घेतलं. खेळाआधी त्यांच्या कलेच्या गौरवाचा ताम्रपट कोरायचा ठरला.

राजा म्हणाला, "निर्जीवात जीव घालणारी ही विद्या. तिला साजेसं नाव मुळापासून शोधा. शब्द ठरला की खेळ."

झालं! पंडित बसले.

थोरले पंडित म्हणाले, "संस्कृतातला 'अन्' हा धातू, म्हणजे श्वास घेणे. त्यातूनच प्राण हा शब्द आला."

समुद्रापलीकडचा एक व्यापारी तिथे होता. तो म्हणाला, "आमच्या जुन्या भाषेत 'अनिमा' म्हणजे श्वास, जीव."

आज आपण ज्याला ॲनिमेशन म्हणतो, तो शब्द याच अनिमाच्या पोटचा. 'अन्' आणि 'अनिमा' एकाच घरातले, हे ऐकणाऱ्या कुणालाही कळलं असतं. पण त्यांत थोरला कोण, यावर पंडितांनी दोन महिने घालवले.

भिवरा रोज दरबाराच्या दारात उभी. रोज द्वारपाल सांगे, "आज वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, ते चाललंय. उद्या या."

धर्मशाळेत म्हाताऱ्याला धाप लागू लागली. भिवरा काकुळतीला येऊन म्हणाली, "आबा, ते दचकणं मला शिकवा की!"

"इथं कसं शिकवू, पोरी? समोरच्या माणसांनी श्वास रोखला, की बोटांना आपसूक कळतं. खेळ लागू दे. शेजारी बस, माझ्या हातावर हात ठेव."

दुसऱ्या दिवशी भिवरा द्वारपालाला ढकलून थेट सभेत घुसली.

"अहो, तुम्ही इथं श्वासाचं मूळ खणताय, तिकडं माझ्या बापाला श्वास पुरेना! आधी खेळ बघा, मग घाला हवं ते बारसं!"

थोरल्या पंडितांनी पोथीतून मानही वर केली नाही. "बाई, व्युत्पत्ती घाईनं होत नसते."

भिवराने राजाकडे पाहिलं. राजा म्हणाला, "आता थोडंच राहिलंय."

त्याच आठवड्यात म्हातारा गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी निरोप आला. शब्द ठरला होता: प्राणरोपण.

भिवराने पडदा बांधला, दिवा लावला. हरीण चालत आलं, चरलं, मान वर केली. एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

राजा कुरकुरला, "हे हरीण दचकत का नाही?"

भिवराचा सगळा धीर केव्हाच संपला होता. ती पडद्यामागून म्हणाली, "महाराज, ताम्रपटावर बघा. तुम्ही सगळा प्राण तिथंच कोरून घेतलाय."

ताम्रपट तिथेच ठेवून भिवरा आपल्या बाहुल्या घेऊन चालती झाली. राजाने पुढे अनेक खेळ करणारे बोलावले. ते हरीण मात्र त्या राज्यात पुन्हा कुणाला दिसलं नाही.

तात्पर्य: गुणाला नाव शोधत बसण्याआधी गुणवंताची कदर करावी; नाव थांबतं, माणूस थांबत नाही.