स्वानाचं पहिलं शीड

एक होता नियम. राजाबिजा नव्हता त्या गावात, नुसता नियम होता. पोरीचं लग्न झालं की तिने सासरच्या मेंढ्यांच्या लोकरीचं एक शीड विणायचं. जहाजाला लावतात ते भलंमोठं शीड, बरं का. आणि तीन वर्षांनी ते माहेराला द्यायचं. का द्यायचं, हे विचारायचं नाही.

हे गाव होतं पार उत्तरेला, जिथे समुद्रावर बर्फ धरतं. तिथल्या एका खाडीत स्वाना राहायची, ब्रांद सरदाराची लेक. सात वर्षांची होती तेव्हा तिने विचारलं, "पण का द्यायचं?"

गावातले सगळ्यांत म्हातारे ग्रीमआजोबा म्हणाले, "फार प्रश्न विचारणाऱ्या पोरीचं शीड फाटतं." सगळी म्हातारी मंडळी हसली. स्वाना काही हसली नाही.

आता त्या देशात प्रत्येक खाडीला आपापला वारा असायचा. राखणीच्या कुत्र्यासारखा. घरची होडी आली की गुपचूप आत घ्यायचा. परकी आली की असा भुंकायचा, असा भुंकायचा, की सगळा गाव गोळा व्हायचा. मग तिला समुद्रात ढकलून द्यायचा. म्हणून कुठल्याच गावाला तटबंदी नव्हती. आणि गंमत म्हणजे वारा होता आंधळा. मग घरचं कोण, परकं कोण, हे त्याला कळायचं कसं? ते फक्त म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. आणि म्हातारे सांगत नव्हते.

मग काय झालं, समोरच्या खाडीतल्या लोकांशी भांडण लागलं. कशावरून? एका मेलेल्या देवमाशावरून. तो लागला दोन गावांच्या मधोमध. ह्यांनी शेपूट धरलं, त्यांनी डोकं. तीन माणसं मेली आणि मासा तसाच सडला. मग म्हातारे बसले आणि त्यांनी ठरवलं, ब्रांदची पोर त्यांच्या आयविंदला द्यायची, भांडण मिटवायचं.

"मुलगा कसा आहे?" स्वानाने विचारलं.

"मेंढ्या पुष्कळ आहेत," बाबा म्हणाले.

झालं लग्न. माहेरच्यांनी एक होडी दिली, माहेरच्या लोकरीच्या शिडासकट. स्वानाने सासरी माग मांडला आणि विणायला बसली.

पहिल्या हिवाळ्यात ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. आयविंदही काही बोलका नव्हता. पण ही अंधारात विणतेय, हे त्याने पाहिलं. मग त्याने घराच्या भिंतीला भोक पाडलं आणि त्यावर पातळ कातडं ताणून खिडकी केली. घरात थंडी शिरली. सासूबाई ओरडल्या. "उजेड हवा तिला," आयविंद म्हणाला. बस, एवढंच.

दुसऱ्या हिवाळ्यात सूत पुरेना. मग आयविंद चाती घेऊन तिच्याजवळ बसला आणि सूत काढायला लागला. मित्र दाराशी येऊन चिडवायचे, "काय रे आयविंद, झगा कधी घालतोस?"

"हिने विणला की," तो म्हणाला.

स्वानाला एकदम हसू फुटलं. इतकं, की हातातला धागा तुटला. मग ती जी बोलायला लागली, ती थांबेचना. उरलेल्या सुताचे तिने त्याला हातमोजे केले. एक जरा मोठाच झाला. तो तसाच घालायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात आयविंदची होडी बर्फाने चिरली. मग तो स्वानाच्या माहेरची होडी घेऊन मासे धरायला गेला. दुपारी परत आला, तर खाडीच्या तोंडाशी वारा भुंकायला लागला! होडी आत आली, वाऱ्याने बाहेर ढकलली. पुन्हा आली, पुन्हा ढकलली. तिसऱ्यांदा तर आडवीच केली. गाव किनाऱ्यावर जमला. "अरे, हा तर आपला आयविंद! वाऱ्याला वेड लागलं काय?"

स्वाना बघत राहिली. माणूस घरचा. मग परकं काय? शीड परकं. तिच्या माहेरच्या मेंढ्या खायच्या गवत. सासरच्या मेंढ्या किनाऱ्यावरचं शेवाळ खायच्या. त्यांच्या लोकरीला खारट वास यायचा. आंधळा वारा वासावरच चालत होता!

ती ओरडली, "शीड उतरव! हातमोजा बांध डोलकाठीला!"

आयविंदने बांधला. वारा थांबला. त्याने मोजा हुंगला. मग मांजर पिल्लाला आणते ना, तशी होडी अलगद आत आणली.

आयविंदची बोटं निळी पडली होती. स्वानाने ती आपल्या काखेत धरली. "बुडला असतास तर?"

"मोठा होता म्हणून बांधता आला," तो म्हणाला.

घरी येऊन तिने मागाकडे पाहिलं. एका मोज्याने होडी गुपचूप आत येते, तर अख्ख्या शिडाने काय काय येईल? तिची आत्याही अशीच दिली होती, शत्रूच्या गावात. तिसऱ्या वर्षी आत्याचं शीड माहेरी आलं. चौथ्या वर्षी आत्या आली, विधवा होऊन. त्यानंतर ती कधी बोललीच नाही.

बर्फ वितळलं. माहेरचे सात म्हातारे आले, त्यांत बाबा आणि ग्रीमआजोबाही. वल्ही मारत, वाऱ्याचे फटके खात आले. होडीत घोंगडीखाली काहीतरी होतं. स्वानाने घोंगडी उचलली. लाकडी ड्रॅगनचं डोकं! लढाईला जाताना जहाजाच्या नाकावर बसवतात ते.

"पोरी, शीड आण," ग्रीमआजोबा म्हणाले.

"ते लावून कुठे जाणार?"

"हे विचारायचं नसतं."

"आत्याने विचारलं नव्हतं," स्वाना म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली. ग्रीमआजोबा मात्र तडकले. "रीत आहे ती! मोडलीस तर माहेर तुटेल तुझं."

स्वानाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही. "बाबा, तुम्ही या. शंभरदा या. वारा भुंकू दे. सगळ्या गावाला कळू दे, माझे वडील आलेत म्हणून. पण चोरपावलांनी यायला मी शीड देणार नाही. आणि आजोबा, घरात जाऊन बघा नीट. फाटलं नाही ते."

ग्रीमआजोबांनी तोंड उघडलं. मग मिटलं. दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाहिलं, तिसऱ्याने पायाकडे.

मग? मग काय, जसे आले तसे वल्ही मारत गेले. ते शीड आयविंदच्या नव्या होडीला लागलं आणि दोघं त्यात बसून हवं तिथे फिरली. पुढच्या उन्हाळ्यात वारा खूप भुंकला. गाव किनाऱ्यावर धावला, तर बाबा एकटेच आले होते, लेकीला भेटायला. दोन्ही गावं सुखाने नांदली.

बाकीचे म्हातारे अजून गप्पच आहेत म्हणे. आता तुम्हीही गप्प. ओढा पांघरूण.