हसलेला अनारसा

पिठात गूळ जास्त झाला आणि अनारसा तुपात फुटून पसरला, की आपण म्हणतो, अनारसा हसला. देशोदेशी राहून आलो, पण फसलेल्या पदार्थाला इतकं मायेचं नाव कुठेच ऐकलं नाही.

सोनवडीच्या सुभानराव जहागीरदारांना मात्र हे हसू खपत नसे. एका दिवाळीत चुलीजवळ पाट मांडून ते सुनेला, मैनावतीला, म्हणाले, "सूनबाई, ज्याच्या हातचा अनारसा हसेल, त्याने भाऊबिजेला उंबरठा ओलांडायचा नाही. जहागीरदारांचा शब्द आहे हा!"

भाऊबिजेला माहेरी मैनावतीला भाऊ वर्षभराने भेटणार होता. तिने जपून अनारसे तळले. सगळे जाळीदार झाले, एकही हसला नाही. सुभानरावांना राहवेना. "गुळात कसली काटकसर करता?" म्हणत त्यांनी उरलेल्या पिठात मूठभर गूळ स्वतः मळला आणि अनारसा थापून कढईत सोडला. बघता बघता त्याचा चुरा झाला.

"हसला!" सुभानराव गरजले. "आता माहेर विसरा!"

"हसला खरा, मामंजी," मैनावती शांतपणे म्हणाली, "पण तुमच्या हातचा. तुमच्या बहिणीला, गोदाआत्यांना, निरोप धाडू का, की दादा यंदा ओवाळून घ्यायला येत नाहीत?"

सुभानराव अनारशाहूनही जास्त हसले.

भाऊबिजेला दारातून दोन गाड्या निघाल्या. मैनावतीने उरलेलं गोड पीठही तळून त्या सगळ्या चुऱ्याचे दुधाच्या हाताने लाडू वळले होते. ते मामंजींच्या डब्यात भरत ती म्हणाली, "आत्यांना सांगा, तुमच्या हातचे आहेत."