चंद्राला ओवाळायला निघालेली आवडी

ऐका हं. एका डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. नगरात राजा होता, प्रजा होती, आणि डोंगराच्या माथ्यावर एक शास्त्रज्ञ राहत होता. मार्तंड त्याचं नाव. तुमच्या त्या चित्रांच्या पुस्तकांत असतो ना, हातांतून वीज सोडणारा, जगाला धाक दाखवणारा, तसाच बरं का. पण आधी तो तसा नव्हता. साधा, भला माणूस होता. ग्रहण कधी लागणार, पाऊस कधी येणार, हे लोकांना सांगायचा. त्याचे आईबाप लहानपणीच गेले होते. मागे बहीण नाही, भाऊ नाही. सण आला की खालून तळणाचा वास वर यायचा आणि हा आपला भिंगं पुसत बसायचा.

एकदा काय झालं, त्याने एक यंत्र केलं. मोठ्या परातीसारखं, आत सगळे आरसेच आरसे. आकाशातला उजेड त्यात साठवावा, एवढंच त्याच्या मनात होतं. पण त्या दिवशी एक तारा तुटला आणि थेट त्या परातीत येऊन पडला. ताऱ्याचं सगळं तेज मार्तंडाच्या अंगात शिरलं. मग त्याने करंगळीवर एक धोंडा उचलून पाहिला. उचलला गेला की हो! आता एकदा चव लागली की हात थांबत नाही. लाडवांच्या डब्याचं तुम्हाला ठाऊकच आहे.

मग त्याने सप्तर्षी ओढून घेतले आणि तो माडाएवढा झाला. मग शुक्र घेतला, गुरू घेतला, तो किल्ल्याच्या बुरजाएवढा झाला. मग उरलेले सगळे तारे घेतले आणि डोंगरावर दुसरा डोंगर बसावा तसा दिसू लागला. माणसं त्याला मुंग्यांएवढी वाटायला लागली.

मग राजाने सैन्य पाठवलं. मार्तंडाने नुसती फुंकर घातली, भाले मेणासारखे वाकले. मग राजाने पंडित पाठवले. त्यांनी पुष्कळ समजावलं, पण तो म्हणाला, तुम्ही वाचलंय त्याच्या दुप्पट मी वाचलंय. मग राजा स्वतः गेला. अर्धं राज्य देतो म्हणाला. मार्तंड असा हसला की राजवाड्याची कौलं घसरली. त्याने बजावलं, दिवाळी सरू दे, मग सूर्यही घेतो.

आणि अमावास्येला त्याने गुपचूप चंद्र घेतला. कुणाला कळलंच नाही. अमावास्येला चंद्र कुठे दिसतो? पाडव्यालाही कुणाला कळलं नाही. कळलं ते भाऊबीजेला, आणि तेही आवडीला.

आवडी त्या नगरातली सून. तिला सख्खा भाऊ नव्हता, चुलत नव्हता, मानलेलाही नव्हता. जिला भाऊ नसतो ती बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, बरं का. आवडी लहानपणापासून तसंच करायची. ओवाळल्याशिवाय घास घ्यायची नाही. त्या संध्याकाळी ती तबक घेऊन अंगणात आली. पश्चिमेला पाहते तर नखाएवढी कोरसुद्धा नाही. आणि वर डोंगरावर पाहते तर मार्तंडाच्या अंगरख्याआडून गार, पांढरा उजेड पाझरतोय.

माझा भाऊ कोंडलाय, ती म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, "यंदा राहू दे गं. देवाला कळतं सगळं."

"देवाला कळतं हो, सासूबाई. पण भाऊ घरी आला नाही, तर बहिणीने जायचं असतं."

मग तिने तबक घेतलं, निरांजन घेतलं, काखेत पाट मारला आणि देवाचं नाव घेत डोंगर चढली. मार्तंडाने विचारलं, कोण ही मुंगी? ती म्हणाली, तुमच्या छातीत माझा भाऊ आहे, त्याला ओवाळायला आलेय. तो गडगडून हसला. निरांजन फडफडलं. आवडीने ज्योतीवर तळहात धरला आणि त्यालाच दटावलं, "हळू हसा हो, दिवा जाईल."

तो हसायचा थांबला. त्याला असं कुणी कधी दटावलंच नव्हतं.

मग तिने पाट मांडला. म्हणाली, आता चंद्राला तुमच्यातून वेगळं कसं काढू? दोघांना एकदमच ओवाळते. बसा.

मार्तंड पाटाकडे बघत राहिला. कुणी त्याच्यासाठी पाट मांडलाय, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. पण पाट वीतभर आणि तो डोंगराएवढा. मग त्याने उरलेले तारे सोडून दिले, बुरजाएवढा झाला. तरी मावेना. मग शुक्र आणि गुरू सोडले, माडाएवढा झाला. तरी मावेना. मग सप्तर्षी सोडले, परातीत पडलेला तो पहिला ताराही सोडला आणि मांडी घालून हळूच पाटावर टेकला.

आवडीने त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, ओवाळलं. आणि तबक पुढे धरून उभी राहिली.

ओवाळल्यावर तबक रिकामं पाठवायचं नसतं. मार्तंडाने खिसे चाचपले. काही नव्हतं. होता तो फक्त चंद्र. तो दिला की सगळी शक्ती गेली. पुन्हा साधा माणूस. त्याने छातीवर हात दाबून धरला. देववेना. आवडीचा हात दुखत होता, तरी तबक खाली झालं नाही.

शेवटी तो म्हणाला, "ताई, तुला रिकाम्या हाताने कसं पाठवू?"

आणि त्याने छातीतून ती कोर काढली आणि अलगद तबकात ठेवली.

आवडीने दोन्ही हातांनी तबक वर उचललं. चंद्राने टुणकन उडी मारली आणि तो पश्चिमेला आपल्या जागी जाऊन बसला. खाली नगरात एकच जल्लोष! नगारे वाजले, बायकांनी ताटं वाजवली, ज्यांचे भाले वाकले होते ते शिपाईसुद्धा नाचले. राजाने हत्तीवरून साखर वाटली. आणि आवडी मार्तंडाचा हात धरून त्याला घरी घेऊन आली. सासूबाईंनी आणखी एक ताट वाढलं. आवडीने त्याच्या शेजारी बसून दिवसाचा पहिला घास घेतला.

दुसऱ्या दिवशी सूर्य वेळेवर उगवला. तेव्हापासून आवडी दर भाऊबीजेला दोन भाऊ ओवाळते, एक पाटावरचा आणि एक आभाळातला. जसा तिला भाऊ भेटला, तसं ज्याला कुणी नाही त्याला कुणीतरी भेटो. सगळे सुखात राहिले, आपणही राहू. मिटा आता डोळे, बाळांनो.