अवसेचं पाणी

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा राण्या बांधावर बसून प्रजेच्या कागाळ्या ऐकत आणि खेकडेही माणसांशी बोलत. माणसं त्यांचं ऐकत नसत, ती गोष्ट वेगळी.

एका डोंगराच्या उतारावर एक मळा होता. वर ओढ्याला बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि त्या पाटाचं पहिलं पाणी पिणारा हा मळा. ऊस, केळी, हळद, म्हणाल ते तिथे पिके. मळ्याच्या खाली खालवाडी. तिथली शेतं कोरडी. ज्वारी आली तर आली, नाहीतर मळ्यात मजुरीला जायचं.

मळेकरी कष्टाळू होता, हे आधीच सांगून टाकतो. बापाने खडकाळ माळ फोडून मळा केला आणि ह्याने त्यात घाम गाळला. फक्त स्वभाव संशयी. कुणी रामराम घातला तरी ह्याला वाटे, आज ह्याला काय हवं असेल? बायकोने भाकरीवर लोणी जरा जास्त घातलं तरी विचारी, "माहेरी काही पाठवायचंय का?"

एका वर्षी खालवाडीची ज्वारी उभी करपली. पोरं भुकेने रडू लागली. तेव्हा राणी बांधावर येऊन बसली आणि तिने हुकूम सांगितला, "अवसेला आपण नांगर धरत नाही, बैलांना विसावा देतो. त्या दिवशी मळ्याच्या पाण्यालाही मळ्यातून सुट्टी. दर अवसेला मळेकऱ्याने आपल्या हाताने पाटाचं खालचं दार उघडायचं आणि दिवसभराचं पाणी खालवाडीला सोडायचं."

मळेकरी पुढे झाला. "राणीसाहेब, माळ फोडला माझ्या बापाने. तेव्हा ह्यांच्यातलं कोण आलं होतं पहार घेऊन?"

खालवाडीतली एक म्हातारी उठली. "म्या आले व्हते, मालक. पाट्या भरभरून दगूड वाहिलेत."

"त्याची मजुरी मिळाली ना?"

"मिळाली की. पदरात जोंधळं पडलं, त्ये त्याच सांजंला शिजलं. मळा तेवढा तुमच्याकडं ऱ्हायला."

लोक हसले. मळेकरी हसला नाही. "आणि राणीसाहेब, तुमच्या वडिलांनी भुकेल्यांसाठी म्हणून घराघरांतून तूप गोळा केलं होतं. कुठे गेलं ते? राजवाड्यातल्या पैलवानांच्या पोटात!"

हे मात्र खरं होतं. राणीची मान खाली गेली. "गेलं," ती म्हणाली. "म्हणूनच सांगते, पाणी सोड आणि ते कुठे जातं त्यावर डोळा ठेव. चोरी दिसली तर थेट माझ्याकडे ये."

पहिल्या अवसेला मळेकऱ्याने दार उघडलं आणि तो पाण्याच्या कडेकडेने खाली चालू लागला. वाटेत पाटकऱ्याची झोपडी होती. पाटकरी म्हणजे पाण्याच्या वाटण्या सांभाळायला राणीने नेमलेला माणूस. त्या झोपडीमागे वांग्यांचा वाफा चांगला तरारलेला, आणि वाफ्यात पाटातून काढलेली एक चोरटी वाट.

आता खरं तर त्याला राग यायला हवा होता. पण मंडळी, त्याला आनंद झाला! असा आनंद, की तो धावतच घरी आला.

"बघ, मी म्हणत नव्हतो?"

बायको म्हणाली, "मग सांगा ना राणीसाहेबांना. पाटकरी बदलतील."

"हा बदलला की दुसरा येईल. सगळे चोर आहेत. आधी सगळे चोर संपू देत, मग मी पाणी सोडेन."

"अहो, वांग्यांना लागतं ते कितीसं? बाकीचं पोचलं ना खाली?"

हे त्याच्या कानांपर्यंत गेलंच नाही. तो राणीकडेही गेला नाही. पाटकरी पकडला गेला असता, तर त्याच्या हातातलं निमित्तच गेलं असतं.

पुढच्या अवसेला त्याने चारचौघांदेखत दार उघडलं. पण दाराच्या आत त्याने आधीच चिखल आणि गोणपाटं कोंबून ठेवली होती. खाली गेली ती नुसती धार. "ओढ्यालाच पाणी नाही, मी काय करू?" असं म्हणून त्याने हात झटकले. पुढे दर अवसेला हेच चाललं.

एवढ्यानेही त्याचं समाधान झालं नाही. मळ्याच्या तळाशी बापाने खोदलेला एक खोल चर होता. पिकाला नको असलेलं पाणी त्यातून आपोआप झिरपून खालवाडीत जाई. मळेकऱ्याला वाटलं, हुकूम अवसेचा आणि हे तर रोज लुटताहेत! त्याने चराचं तोंडही दगडमातीने बुजवलं. मग त्याची नजर बांधातल्या खेकड्याच्या बिळांवर गेली.

खेकडा बाहेर येऊन म्हणाला, "मालक, बिळं राहू द्या. तुंबलेलं पाणी त्यातून निघून जातं. उसाच्या मुळांना वारा लागतो."

"तुला खालवाडीने काय कबूल केलंय?"

"मला? अहो, मला ठेवायला खिसा तरी आहे का?"

मळेकऱ्याने बिळांत चिखल ठासला आणि वरून पाय दिले.

त्या वर्षी ऊस असा वाढला की वाटेवरचे लोक थांबून बघत. मळेकरी मिशांवर ताव देत हिंडला. दुसऱ्या वर्षी ऊस बुडाशी पिवळा पडला. त्याने बेणं देणाऱ्याला चोर ठरवलं. तिसऱ्या वर्षी केळी कुजल्या. त्याने मजुरांना हाकलून दिलं. मग एके सकाळी त्याला सगळ्या मळ्यावर पांढरी साय धरलेली दिसली. चिमूटभर उचलून त्याने जिभेवर ठेवली. खारट!

"मीठ टाकलंय," तो ओरडला. "खालवाडीने माझ्या मळ्यात मीठ टाकलंय!"

काठी घेऊन तो दिवसच्या दिवस बांधावर बसला. मीठ टाकायला कुणी आलं नाही. पांढरं मात्र पसरतच गेलं. शेवटी तोच खेकडा दिसला, मळा सोडून निघालेला.

"तू तरी खरं सांग. कोण टाकतं हे?"

"कुणी नाही. हा खार तुमच्याच जमिनीच्या पोटातला. तुम्ही पाण्याला जायला वाट ठेवली नाहीत, तेव्हा ते खार घेऊन वर आलं. आता वाट काढलीत तरच धुऊन जाईल." एवढं बोलून खेकडा तिरका तिरका निघून गेला.

बापाने उभा केलेला मळा डोळ्यांदेखत मरत होता. मळेकऱ्याला रडू कोसळलं. त्याने पहार घेऊन चराचं तोंड मोकळं केलं, पण पाणी हललं नाही. इतक्या वर्षांत खालवाडीने आपल्या बाजूचा कोरडा चर बुजवून त्यावर खळं केलं होतं. त्याच्या पाण्याची वाट आता त्यांच्या हातात होती.

तो उतरून खालवाडीत गेला. काही मागायला, आयुष्यात पहिल्यांदाच.

"आजी, तुमच्या खळ्यातून चर काढू द्या. मी पाणी सोडतो. अवसेचंच नाही, रोजचं सोडतो."

म्हातारीने डोळे बारीक केले. "राणीनं सांगितलं तवा धारंवर भागवलंत. आता रोजचं देताय? काय मिसळलंय त्या पाण्यात?"

आयुष्यभर हाच प्रश्न त्याने जगाला विचारला होता. आज तो त्याच्याकडे आला आणि त्याच्यापाशी खऱ्याशिवाय उत्तर नव्हतं. "खार आहे," तो म्हणाला. "सुरुवातीचं पाणी शेतात घेऊ नका, सरळ ओढ्यात जाऊ द्या. मागचं गोड येईल. दारात बोळा मीच कोंबला होता. पाटकऱ्याची चोरीही मीच लपवली."

मग म्हातारी म्हणाली, "खळं मोडू. पर दार उघडताना आमचं मानूस तितं हुबं ऱ्हाईल. तुमच्यावर भरवसा न्हाई, मालक."

"नकाच ठेवू," मळेकरी म्हणाला. "आणि पाणी खाली पोचेपर्यंत मी बरोबर चालेन. पाटकऱ्यावर माझाही नाही."

मळेकऱ्याने चोरी सांगितली आणि राणीने पाटकरी बदलला. चर वाहू लागला. अर्धा मळा वाचला. उरलेल्या अर्ध्यात पुन्हा कधी काही उगवलं नाही. त्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाठ करूनच मळेकरी जेवायला बसे, तो मरेपर्यंत. दर अवसेला दाराच्या एका अंगाला तो उभा राही आणि दुसऱ्या अंगाला म्हातारी. दोघंही एकमेकांच्या हातांकडे डोळ्यांत तेल घालून बघत. आणि मधून पाणी जात राही.

तात्पर्य: आपला वाटा कुठे जातो यावर संशयाने खुशाल नजर ठेवावी, पण त्या संशयापायी त्याची वाट बुजवू नये, कारण अडवून ठेवलेली संपत्ती आधी आपलीच जमीन नासवते.