अस्सल गाडी आणि मिरजेची कवळी

आमच्या ह्यांनी विलायतेत लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स कार घेतली आणि मला शेजारी बसवून इटलीला निघाले. तिथे माझ्या धाकट्या भावाच्या लेकीचं बारसं होतं, आणि कानात नाव सांगणारी आत्या मी एकटीच. तर स्वित्झर्लंडच्या घाटात गाडीचा पाण्याचा पंप फुटला आणि रात्र तिथल्या लॉजवर काढावी लागली.

सकाळी गॅरेजवाला दुसऱ्या गाडीचा पंप घेऊन लॉजवर आला. अगदी चपखल बसतो, असं त्याने खुणेने दाखवलं.

हे बोळक्या तोंडानेच गरजले, "माझ्या गाडीत परका स्क्रूसुद्धा चालणार नाही! अस्सल पंप विलायतेहून येईल, मगच हलायचं."

"आणि उद्याचं बारसं?"

"नाव काय, कुणीही सांगेल. तुला गाडीतलं काय कळतंय?"

मी ह्यांची कवळी भिजत घातलेला पेला उचलला.

"अहो, ही मिरजेच्या डॉक्टरची. आईच्या पोटातून नाही आणलीत. परका भाग चालत नाही ना? मग अस्सल दात उगवले की निघू. तोवर न्याहारीचा हा कडक पाव मी खाते."

ह्यांनी पावाकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं आणि गॅरेजवाल्याला मान डोलावून होकार दिला.

बाळाच्या कानात नाव मीच सांगितलं. गाडी घाटभर एकदाही कुरकुरली नाही. कुरकुरले ते हेच.